गाठीला सुई लागली की...

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘पेशींना धरून ठेवणारी प्रथिने: कॅन्सरचा प्रसार आणि स्नायूंची घडण’. एवढं वाचूनही मे महिन्यातल्या जळगावात तुम्ही आलात. जे फक्त पंखा बघून बसलेत त्यांनीही खुशाल बसावं.

मी पॅथॉलॉजिस्ट. पेशंट मला भेटत नाही, त्याचा तुकडा भेटतो. आणि आपल्या खान्देशात तो तुकडा माझ्या टेबलावर यायलाच फार उशीर होतो, एका वाक्यापायी: ‘गाठले सुई लागनी का ती भडकस.’ म्हणजे तपासायला गाठीत सुई घातली की कॅन्सर भडकतो. धुळ्यात ऐका, चाळीसगावात ऐका. शिकलेली माणसं हेच शुद्ध मराठीत म्हणतात, एवढाच फरक. गालात तंबाखूची गोळी, तिथेच बरी न होणारी जखम, मग मलम, मग कुणाचा तरी काढा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. हसू नका, आहे! तोंड उघडेनासं झालं की माणूस येतो, तेव्हा मानेत गाठ आलेली असते. त्यानंतर सुई लागते. पुढे तो गेला की दारावर आलेल्या पाहुण्यांना सांगतात, ‘बरा होता हो, सुई लावली आणि पसरलं.’ अहो, मानेतली गाठ सुईच्या आधीची! पण हे तेराव्याच्या पंगतीत कोण ऐकणार?

सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, नाही म्हणत नाही. काही अवयवांत, तेही क्वचित. म्हणून हाडाच्या गाठीत सुई कुठून घालायची हे सर्जन आधी ठरवतात. पण कॅन्सर पसरतो तो पेशी स्वतः हात सोडते म्हणून.

हा हात म्हणजे कॅडहेरिन नावाचं प्रथिन. आखाजीला पोरी फुगडी घालतात ना, तसं शेजारच्या दोन पेशींचं कॅडहेरिन एकमेकांत अडकतं. पकड टिकते कॅल्शियमवर. हे उलगडलं जपानी संशोधक मासातोशी ताकेइची यांनी, आणि तेही गंमतीनं. क्योटोतल्या सवयीनं अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत पेशी सुट्या केल्या, तर त्या परत चिकटेचनात. पेशी सुट्या करायला वापरतात त्या तिथल्या ट्रिप्सिनच्या द्रावणात ईडीटीए होतं, कॅल्शियम पकडून ठेवणारं. रक्त घेताना जांभळ्या टोपणाची नळी बघता, त्यात हेच असतं. त्या फसलेल्या प्रयोगाचा माग काढत ते ज्या प्रथिनापर्यंत पोचले, त्याचं ‘कॅडहेरिन’ हे बारसं १९८४ मध्ये झालं.

माझ्या मायक्रोस्कोपखाली हे रोज दिसतं. स्तनाच्या तुकड्याला ई-कॅडहेरिन, म्हणजे कॅडहेरिनचाच एक प्रकार, दाखवणारा तपकिरी रंग दिला की निरोगी नलिकेतल्या पेशींच्या कडा रेखून काढल्यासारख्या उठतात. लोब्युलर या स्तनाच्या कॅन्सरच्या प्रकारात बहुतेकदा त्या कोऱ्या राहतात आणि पेशी एकामागे एक ओळीनं निघालेल्या दिसतात. आता कुणी म्हणेल, म्हणजे पकड चांगली, सुटणं वाईट. तितकं सरळ नाही. २०१४ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं, की रक्तातून एकेकट्या फिरणाऱ्या पेशींपेक्षा एकमेकींना धरून निघालेली टोळी नव्या जागी कित्येक पट जास्त रुजते.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. स्नायू राहिलेच की! अध्यक्ष महाराज, तुमच्या प्रास्ताविकाला कुणी चिठ्ठी दिली नव्हती... असो, भराभर सांगतो.

स्नायूचा तंतू म्हणजे अनेक पेशी एकजीव होऊन बनलेली एकच लांब पेशी, केंद्रकं शेकड्यांनी. बाळाच्या घडणीत कोवळ्या स्नायुपेशी आधी एन-कॅडहेरिन आणि एम-कॅडहेरिन या भावंडांनी एकमेकींना धरतात. त्या स्पर्शाचाच संदेश सीडीओ नावाचं प्रथिन आत पोचवतं: आता वाढ थांबव, स्नायू हो. पुढे मायोमेकर नावाचं प्रथिन, हे २०१३ मध्ये सापडलं, पेशींचे पडदे जुळवायला मदत करतं. माझ्या डोक्यातला किडा हा: तेच एन-कॅडहेरिन कित्येक कॅन्सरच्या पेशी ई-कॅडहेरिन टाकून अंगावर चढवतात, आणि चालू लागतात. प्रथिन एकच, एका घरात ‘थांब’, दुसऱ्या घरात ‘निघ’. यावर खरं तर तासभर बोलायचं होतं.

तंतू तयार झाला की त्याला बाहेरच्या जाळीशी बांधून ठेवावं लागतं. त्या दोरखंडातलं डिस्ट्रोफिन हे प्रथिन नसलं की ड्युशेन हा स्नायू दुबळे होत जाण्याचा आजार होतो, बहुधा मुलग्यांना. मुलगा सारखा पडत असेल, जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत वर येत असेल आणि पोटऱ्या मात्र जाड दिसत असतील, तर ‘खातापिता आहे’ म्हणून सोडू नका. रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य, तपासून घ्या. तिथेही सुई लागते, पण घाबरू नका.