कोण कुठल्या दारातून आलं: अमेरिकेतले बेलीझवाले आणि घानावाले

नमस्कार मंडळी, कसे आहात? आज जरा लांबचा विषय घेतलाय, पण रेडिओ बंद करू नका, शेवटी आपल्यापर्यंत येणार आहे तो.

अमेरिकेत आपल्या गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एक गप्पा हमखास ऐकायला मिळते. अमुक देशातले लोक बघा काय मेहनती, आले आणि दहा वर्षांत घर घेतलं, मुलं शिकली, आणि तमुक देशातले बघा, पन्नास वर्षं झाली तरी आहेत तिथेच. सगळे माना डोलावतात आणि श्रीखंड वाढून घेतात. मला या गप्पेचा मनापासून कंटाळा आलाय, म्हणून ती तपासायला मी मुद्दाम असे दोन देश घेतलेत ज्यांच्याशी आपलं काही घेणंदेणं नाही, म्हणजे कोणाला राग यायला नको. एक बेलीझ, दुसरा घाना.

बेलीझ कुठंय? मेक्सिकोच्या खाली, ग्वाटेमालाच्या शेजारी, समुद्राकाठी. आपल्या गोव्यासारखे सहा बसतील एवढी जमीन आणि लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, म्हणजे कोल्हापूर शहरात यापेक्षा जास्त माणसं राहतात. घाना पश्चिम आफ्रिकेत, महाराष्ट्राच्या साधारण पाऊणपट, आणि २०२१ च्या जनगणनेत तीन कोटींच्या वर लोक. आता गंमत बघा, दोन्ही जुन्या ब्रिटिश वसाहती, दोन्हीकडे सरकारी भाषा आणि शाळा इंग्रजीत, आणि दोन्हीकडून अमेरिकेत गेलेले बहुतेक लोक काळे, म्हणजे रस्त्यात पोलिसाने गाडी थांबवली तर त्याला हा बेलीझचा की घानाचा हे काही कळत नाही. एवढं सगळं सारखं असून अमेरिकेत दोघांचं जगणं बऱ्यापैकी वेगळं झालं, ते का, एवढाच आजचा प्रश्न.

आधी बेलीझ. तेव्हाचं नाव ब्रिटिश होंडुरास. महोगनीचं लाकूड तोडून विकणं हाच मुख्य धंदा, तो बसला तसं काम उरलं नाही. पण बाहेर पडायचं तर अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात एकेका वसाहतीला वर्षाला फक्त १०० व्हिसांची मर्यादा होती. मग ३१ ऑक्टोबर १९६१ ला हॅटी नावाचं चक्रीवादळ आलं आणि बेलीझ सिटी अक्षरशः चिखलात गेली, पावणेतीनशेच्या आसपास माणसं मेली, सरकारने पुढे राजधानीच उचलून आत बेल्मोपानला नेली. बेघर झालेल्यांना जिथे तात्पुरतं ठेवलं त्या जागेचं आज हॅटीव्हिल नावाचं गाव झालंय. या वादळानंतर अमेरिकेला जाणाऱ्यांची जी लाट सुटली ती पुढची तीस वर्षं चालूच राहिली, न्यूयॉर्क, शिकागो, न्यू ऑर्लिन्स, आणि सगळ्यात जास्त लॉस एंजेलिस.

आणि यात बायका मोठ्या प्रमाणावर पुढे होत्या हे लक्षात ठेवा. लॉस एंजेलिसच्या श्रीमंत घरांत मुलं सांभाळायला, घरकामाला, म्हाताऱ्यांच्या सेवेला इंग्रजी बोलणारी बाई मिळाली तर हवीच होती. कोणी व्हिजिटर व्हिसावर गेलं आणि परत आलं नाही, कोणी मेक्सिकोतून जमिनीवरून बॉर्डर ओलांडली, कारण बेलीझवरून ते शक्य आहे ना, मध्ये समुद्र नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ज्याच्याकडे डिग्री नाही, बँकेत पैसा नाही, असा माणूसही बेलीझवरून अमेरिकेत पोचू शकत होता, आणि पुढे १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनच्या काळात कायदा झाला की १९८२ च्या आधीपासून इथे राहत असाल तर कागद मिळतील, त्यात देशोदेशीच्या २५ लाखांहून जास्त लोकांना कागद मिळाले, बेलीझच्याही. कागद मिळाले की मग बहीण, भाऊ, आई, नवरा. पुढे बेलीझची वाट मुख्यतः ही नात्यातली वाट झाली.

पण हे लोक जाऊन राहिले कुठे? साऊथ सेंट्रल लॉस एंजेलिस. साठच्या दशकात ते काही वाईट ठिकाण नव्हतं कामाच्या दृष्टीने, कारण जवळच फॅक्टऱ्या होत्या, टायरच्या, मोटारींच्या, स्टीलच्या, युनियनवाली पगारी नोकरी, बारावी नसलं तरी चालायचं. आणि नेमकं बेलीझवाले स्थिरस्थावर होतायत तोवर १९८० मध्ये जवळच्या साऊथ गेटची फायरस्टोनची टायर फॅक्टरी बंद, १९८२ मध्ये तिथलीच जनरल मोटर्सची मोटारींची फॅक्टरी बंद. त्यामागून क्रॅक कोकेन, गँगा, आणि १९९२ ची दंगल. आपल्या गिरणगावात संपानंतर काय झालं ते ज्यांनी बघितलंय त्यांना मी वेगळं सांगायची गरज नाही, त्याच वर्षी म्हणजे १९८२ लाच आपलाही संप. तर ज्या शिडीवरून चढायचं तिच्या खालच्या पायऱ्या काढून नेल्या आणि वर विचारायचं की चढला का नाहीस!

आता घाना. १९५७ ला स्वतंत्र, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या वसाहतींमध्ये अगदी पहिल्यांपैकी, केवढा रुबाब होता. त्यांचे पहिले पंतप्रधान एन्क्रुमा स्वतः १९३५ मध्ये अमेरिकेत शिकायला गेलेले, पेनसिल्व्हेनियातल्या लिंकन युनिव्हर्सिटीत. म्हणजे घानाचा अमेरिकेशी हा जुना संबंध विद्यार्थ्याचा, मोलकरणीचा नाही, हे बघा सुरुवातीपासून कसं वेगळं आहे. मग १९६६ ला लष्कराने एन्क्रुमांना हटवलं, कोकोचे भाव, कर्ज, महागाई, एकामागून एक बंडं, आणि शिकलेली माणसं निघाली. पण पहिली कुठे गेली? शेजारी नायजेरियात, तिथे तेलाचा पैसा होता, घानाचे मास्तर तिथल्या शाळांत शिकवायचे. १९८३ च्या जानेवारीत नायजेरियाने हुकूम काढला की बिनकागदाच्या परदेशी लोकांनी चालतं व्हा, आणि दहा लाखांच्या आसपास घानावाले चौकड्यांच्या पिशव्यांत संसार भरून परत आले, त्या पिशवीला पश्चिम आफ्रिकेत अजून घाना मस्ट गो म्हणतात. परत आले तर देशात दुष्काळ आणि वणवे, तेच वर्ष. मग लोक लंडन, हॅम्बुर्ग, ॲमस्टरडॅम असे पसरले.

अमेरिकेचं दार मोठ्या संख्येने उघडलं ते नव्वदीत. १९९० च्या कायद्याने व्हिसाची लॉटरी आणली, नव्वदीच्या मध्यापासून ती पूर्णपणे सुरू झाली, ज्या देशांतून कमी लोक येतात त्यांच्यासाठी, वर्षाला ५० हजारांच्या घरात ग्रीन कार्डं. घानाने ही लॉटरी मनापासून खेळली. राजधानी आक्रा आणि कुमासी शहरात फॉर्म भरून देणारे एजंट, सायबर कॅफेबाहेर फोटो काढायच्या रांगा. (भारताला ही लॉटरी नाही बरं का, आपल्याकडून आधीच भरपूर लोक जातात म्हणून.) आता नावाला लॉटरी, पण अट आहे की बारावीपर्यंत शिक्षण हवं, किंवा कौशल्याच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव. नंबर लागल्यावर मेडिकल, व्हिसाची फी, आणि अटलांटिक ओलांडायचं विमानाचं तिकीट. म्हणजे घानातला सगळ्यात गरीब, न शिकलेला माणूस या चाळणीतून खाली पडतच नाही, तो वरच राहतो, किंवा खरं सांगायचं तर तो चाळणीपर्यंत येतच नाही.

आता आकडे बघा, फार देत नाही. १९९० च्या जनगणनेत अमेरिकेत बेलीझमध्ये जन्मलेले ३० हजारांच्या आसपास होते आणि घानात जन्मलेले २० हजारांच्या आसपास, म्हणजे बेलीझवाले जास्त! आज बेलीझवाले ५० हजारांच्या आसपास आणि घानावाले दोन लाखांच्या घरात. म्हणजे आपण तुलना करतोय ती आजोबा आणि नुकत्याच आलेल्या पुतण्याची.

शिक्षणात घानावाले पुढे आहेत यात वादच नाही, पदवीधरांचं प्रमाण त्यांच्यात बरंच जास्त आहे. पण पदवी म्हणजे पगार नव्हे हे न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात जाऊन बघा. तिथल्या ग्रँड कॉन्कोर्स रस्त्याच्या आजूबाजूला घानाची मोठी वस्ती आहे, तशीच मॅसॅच्युसेट्सच्या वुस्टरमध्ये, ओहायोच्या कोलंबसमध्ये, वॉशिंग्टनच्या उपनगरांत. तिकडचा अकाउंटंट इकडे टॅक्सी चालवतो, शाळेचा मास्तर नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला म्हाताऱ्यांचे डायपर बदलतो, डॉक्टर असेल तर परत परीक्षा आणि परत रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातली उमेदवारी. नर्सचं त्यातल्या त्यात बरं, परीक्षा दिली की लायसन्स मिळतं, आणि तिकडे घानाचे वॉर्ड रिकामे होतात, डब्ल्यूएचओने २०२३ मध्ये ज्या ५५ देशांतून नर्स-डॉक्टर ओढून नेऊ नका म्हटलं त्यात घाना आहे.

आणि घराचं उत्पन्न या आकड्यावर तर मी अजिबात विश्वास ठेवत नाही. एका घरात नवरा, बायको, दीर असे तीन कमावते, त्यातले दोन जण दोन-दोन नोकऱ्या करतात, तर आकडा छान दिसतो, तासाला किती मिळाले ते कोणी विचारत नाही. उलट बेलीझच्या घरात एकटी आई कमावती असेल तर आकडा पडतो, पण तासाचा दर कदाचित तोच निघेल. घानाची ती बायको आणि बेलीझची ही आई, दोघी एकाच नर्सिंग होममध्ये शेजारशेजारच्या बेडवरच्या म्हाताऱ्यांची सेवा करत असू शकतात.

बेलीझवाल्यांचं अजून एक दुखणं म्हणजे ते आकड्यांत सापडतच नाहीत. जन्मदेश विचारला तर अमेरिकेचं जनगणना खातं त्यांना मध्य अमेरिकेत टाकतं, साल्व्हाडोर-ग्वाटेमालाच्या लाखो स्पॅनिश बोलणाऱ्यांत ते बुडून जातात, आणि पूर्वज कुठले असं विचारलं तर वेस्ट इंडियनमध्ये जातात, जमैकावाल्यांच्या सावलीत. रस्त्यावर तर सरळ आफ्रिकन अमेरिकन. मग सरकारी मदतीची योजना येते तेव्हा यांच्या नावाचा रकानाच नसतो. आणि बेलीझ म्हणजे एक जमात तरी कुठंय, आफ्रिकन गुलाम आणि गोऱ्यांचे वंशज क्रिओल आहेत, आफ्रिकन आणि कॅरिबियन आदिवासींचे वंशज गारिफुना आहेत, मूळचे माया, स्पॅनिश-आदिवासी मिश्र मेस्तिझो, आणि हो, उसाच्या मळ्यांवर नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांचे वंशजही आहेत. गारिफुना लोकांचा १९ नोव्हेंबरचा सण लॉस एंजेलिसलाही साजरा होतो, ढोल वाजतात, नारळाच्या दुधातला राइस अँड बीन्स असतो आणि त्यावर मारी शार्पचा तिखट सॉस. आपल्या कोकणी माणसाला आवडेल ते जेवण.

मुलांचं मात्र दोघांकडे हलवून सोडणारं आहे. बेलीझची आई पुढे गेली तेव्हा मुलं आजीकडे राहिली, आईकडून निळे प्लॅस्टिकचे ड्रम भरून कपडे-बूट यायचे, आणि मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाल्यावर एकदम साऊथ सेंट्रलच्या शाळेत. आई डबल ड्यूटीला. त्यातली थोडी मुलं गँगांत गेली, थोडीच, पण १९९६ च्या कायद्यानंतर ग्रीन कार्डवाल्यालाही छोट्या-मोठ्या गुन्ह्यासाठी परत पाठवणं सोपं झालं, आणि बेलीझ सिटीच्या गल्ल्यांत आधीच पोचलेल्या क्रिप्स आणि ब्लड्स या लॉस एंजेलिसच्या गँगांना माणसं मिळत गेली. चार लाखांच्या देशाला ते झेपलं नाही. घानावाले उलटं करतात, ब्रॉन्क्समध्ये जन्मलेला मुलगा बिघडतोय असं वाटलं की त्याला उचलून घानाच्या बोर्डिंग शाळेत टाकतात. फी भरायची ऐपत आणि जायला-यायला पक्के कागद असले तरच हे जमतं हं. संस्कार संस्कार म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो त्यात पासपोर्टचा वाटा बराच असतो.

एकमेकांना धरून राहणं दोघांकडे आहे. भिशी दोन्हीकडे आहे, घानावाले सुसू म्हणतात, बेलीझवाले सिंडिकेट. दर पंधरवड्याला पैसे टाका, पाळीने एकाने उचला, घराचं डिपॉझिट निघतं त्यातून. पण घानावाल्यांकडे वर मोठ्या संघटना आहेत, चर्च ऑफ पेंटेकॉस्टसारखं आक्राहून चालणारं चर्च, गावाच्या आणि जमातीच्या मंडळ्या, शनिवारी रात्री हॉल घेऊन काळ्या-लाल कपड्यांत होणारी शोकसभा, तिथे येणारा प्रत्येक जण पैसे देऊन जातो आणि कोणी किती दिले ते लिहून ठेवतात. तीन कोटींच्या देशातून दोन लाख येतात तेव्हा असं सगळं उभं राहतं, पन्नास हजारांच्या, चार शहरांत विखुरलेल्या लोकांनी ते कसं करायचं? आणि या देण्याघेण्याचा ताणही आहे, आक्रात घर बांधायला पाठवलेले पैसे भाऊच खाऊन बसला अशा गोष्टी प्रत्येक घानावाल्याकडे एक तरी असते.

आता आपल्याकडे येऊया म्हटलं होतं. भारतातून अमेरिकेला गेलेले आपण तर घानावाल्यांपेक्षाही बारीक चाळणीतून गेलोय. एच-वन-बी व्हिसाला डिग्री लागते, ती डिग्री बऱ्याचदा भारतातल्या सरकारी कॉलेजात स्वस्तात मिळालेली, आणि आपण पोचलो तेव्हा कॉम्प्युटरचा धंदा तेजीत होता, टायरचा नाही. म्हणून त्या जेवणाच्या रांगेत पुढच्या वेळी कोणी मेहनतीचा विषय काढला ना, तर त्याला एवढंच विचारा की बाबा तू कुठल्या साली आलास आणि कुठल्या व्हिसावर. बघा काय उत्तर देतो ते, आणि मला कळवा. पुढच्या वेळी आपण बोलू ॲमस्टरडॅमच्या घानावाल्यांबद्दल, तिथे कायदाच वेगळा आहे.