टोकन द्या, रजिस्ट्रेशनचं नंतर बघू

(दृश्य : रविवारची दुपार. पुण्याच्या वेशीवरची एक साइट.)

सॅम्पल फ्लॅटच्या बाल्कनीत प्लॅस्टिकची हिरवळ अंथरलीय. तिथून खाली डोकावलं की खरी इमारत दिसते. पायाचा खड्डा, त्यात साचलेलं पाणी, कडेला गजांच्या मोळ्या. आत टेबलावर कॉफी येते आणि कॉफीमागोमाग बुकिंग फॉर्म.

"ऑफर आजच्यापुरतीच आहे, मॅडम. टोकन देऊन ठेवा. महिन्याभरात 20 टक्के भरा, रजिस्ट्रेशनचं नंतर निवांत बघू."

या 'निवांत'साठीच रेरा कायद्यात, म्हणजे बिल्डरांवर नियम घालणाऱ्या कायद्यात, कलम 13 आहे. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. घर 60 लाखांचं असेल, तर 6 लाख. त्यावर एक रुपया हवा असेल, तर आधी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायचं, अंगठे उमटवायचे, करार नोंदवायचा. टोकन म्हणा, बुकिंग म्हणा, अर्जाची फी म्हणा, सगळं त्या 6 लाखांतच.

मग लोक 'नंतर'ला हो का म्हणतात? खरं सांगायचं तर ते आपल्यालाही सोयीचं असतं. पुणे शहरात मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 60 लाखांवर 4 लाख 20 हजार. ते जितकं पुढं ढकलता येईल तितकं बरं वाटतं. आणि जे रोखीत गेलं, ते तर करारात येतच नाही. उद्या वाद झाला तर परतावा आणि व्याज कागदावरच्या आकड्यावर मोजलं जातं. कच्च्या चिठ्ठीवर काय मोजणार?

(दृश्य : प्लिंथचं, म्हणजे जोत्याचं काम. काँक्रीट मिक्सरचा आवाज.)

करार झाला की हप्ते बांधकामाच्या मागून चालतात. रेरा नियमांतल्या नमुना करारनाम्याप्रमाणे प्लिंथ पूर्ण होईपर्यंत एकूण 45 टक्क्यांच्या वर मागता येत नाही, सगळे स्लॅब पडेपर्यंत 70 टक्के. शेवटचे 5 टक्के ताबा देताना.

पूर्वी एका साइटवर जमलेल्या पैशांतून दुसरीकडची जमीन घेतली जायची आणि पहिली इमारत चौथ्या स्लॅबवर अडकून राहायची. म्हणून ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे असतात. तिथून पैसा काढायला आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए, तिघांचे दाखले लागतात. काम जेवढं झालं, तेवढीच रक्कम निघते.

ताबा लांबला तर? घर नको असेल तर व्याजासह पैसे परत. घर हवंच असेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज. महाराष्ट्रात दर ठरलेला आहे : स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेच्या कर्जाचा मूळ व्याजदर) अधिक 2 टक्के. महारेराचा, म्हणजे राज्यातल्या रेरा प्राधिकरणाचा, आदेश हातात पडतो, पण आदेश म्हणजे पैसे नव्हेत. बिल्डरने दिले नाहीत, तर वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची असते. तहसील कचेरीची पायरी ज्यांनी झिजवलीय, त्यांना या वाक्याची लांबी कळेल.

आणखी एक. 500 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या किंवा 8 घरांपर्यंतच्या इमारतीला रेरा नोंदणीची सक्ती नाही. गावात जुना वाडा पाडून उभी राहणारी तीन मजली इमारत बहुधा यातलीच.

(दृश्य : पुन्हा सॅम्पल फ्लॅट. जाहिरातीच्या पानावर मोबाइल धरलेला हात.)

ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापावा लागतो. स्कॅन केला की प्रकल्पाचं महारेराचं पान उघडतं. ताब्याची जाहीर तारीख, मंजूर नकाशे, जमिनीवरचा बोजा, कोर्टातले दावे, सगळं तिथं फुकट वाचता येतं. सेल्समनने तोंडी सांगितलेली तारीख आणि तिथली तारीख शेजारी ठेवून बघावी.

बाई मोबाइल खाली ठेवतात. "चेक आजच देते. 6 लाखांचा. पुढचा चेक करार नोंदवला त्या दिवशी. मसुदा ईमेल करता का?"

"मसुदा..." सेल्समन फॉर्म उचलतो. "एक मिनिट हं मॅडम, सरांना विचारून येतो."