मूठ नवी, पातं तेच

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

दिवाळीच्या सुमारास उसाचा गळीत हंगाम सुरू होतो आणि त्याआधी लोहाराकडे कोयते शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून धार काढून घ्यायची गर्दी होते. धारेची काळजी सगळेच घेतात. मुठीकडे मात्र ती हातात फिरायला लागेपर्यंत कुणी बघत नाही, आणि फिरायला लागली की चिंधी गुंडाळायची नाहीतर फटीत खिळा ठोकायचा. चिंधी पाणी आणि उसाचा रस धरून ठेवते, आतलं लोखंड गंजत राहतं. खिळ्यानं लाकूड उभं चिरतं. मूठ हलते म्हणजे ती आतून संपलेली असते, ती बदलायचीच.

आधी मूठ कशी बसवली आहे ते पाहा. कोयत्या-विळ्याला पात्याची निमुळती शेपटी लाकडात घुसवलेली असते, बऱ्याचदा आरपार काढून टोकाशी वळवलेली. ते टोक सरळ केलं की जुनी मूठ ठोकून निघते. पुष्कळ जुन्या सुऱ्यांत ही शेपटी लाखेनं धरलेली असते. लाख साधारण ७०-८० अंशांना नरम पडते, म्हणून मूठ उकळत्या पाण्यात धरली की पातं हातानं ओढता येतं. स्वयंपाकघरातल्या सुरीची मूठ गरम पाण्यानं धुऊन धुऊन ढिली होते, त्याचं कारणही हेच. आपल्याकडे तलवारीची मूठही लाख-राळ भरूनच बसवत. मराठ्यांची फिरंग आठवा, १७ व्या शतकातली. युरोपातून आलेलं सरळ पातं आणि त्याला इथली मूठ! पातं परदेशी असलं तरी मूठ इथल्या हाताला, इथल्या लढण्याच्या पद्धतीला बसेल अशीच घातली जाई.

लाकूड कोणतं घ्यावं? कोयत्याला धावडा किंवा बाभूळ. धक्का खाणारी लाकडं आहेत ही, म्हणून तर कुऱ्हाडीचे दांडे त्यांचे करतात. सुरीला शिसव चांगली. लाकूड ओलं नको. ओलं लाकूड वाळताना आकसतं आणि घट्ट बसवलेली मूठ महिन्याभरात परत ढिली. रेषा मुठीच्या लांबीच्या दिशेनं हव्यात आणि मध्ये गाठ नको.

शेपटी तापवून भोकात घुसवायची पद्धत जुनी आहे आणि चांगली आहे, पण दोन गोष्टी सांभाळा. गिरमिटानं आधी शेपटीपेक्षा बारीक भोक पाडून घ्या. आणि तापवताना पात्याला ओलं फडकं घट्ट गुंडाळा. पातं दोनशे अंशांच्या पुढे गेलं, पिवळसर मग निळसर दिसायला लागलं, की लोहारानं दिलेलं पाणी, म्हणजे पात्याचा कडकपणा, उतरला म्हणून समजा. मग कितीही पाजवा, धार टिकणार नाही. शेपटी शेवटपर्यंत जाळत नेऊ नका. थोडी बाकी असताना थांबा, थंड होऊ द्या आणि उरलेली ठोकून बसवा. जळालेल्या लाकडाचा कोळसा भुगा होऊन गळतो, पकड धरत नाही.

दुसरी जात चपट्या पट्टीच्या सुरीची, दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या आणि मध्ये रिव्हेट. काम सुरू करण्याआधी धारेवर कागद आणि चिकटपट्टी गुंडाळा. यात आळस नको. रिव्हेटची डोकी कानशीनं घासून पंचनं बाहेर काढा. पट्टीवरचा गंज पांढरं लोखंड दिसेपर्यंत खरवडा. जुन्या भोकांवरूनच नव्या लाकडाला ड्रिल मारा. पट्ट्यांची पात्याकडची टोकं चिकटवायच्या आधी गुळगुळीत करून घ्या, नंतर तिथं कानस फिरवली तर पात्यावर ओरखडे पडतात. मग अराल्डाइट या चिकटीच्या दोन्ही ट्यूबमधलं सारखं मिसळून लावा, पितळी पिना घाला आणि शिकंज्यात धरा. शिकंजा फार आवळू नका, सगळी चिकट बाहेर येऊन सांधा कोरडा पडतो. रात्रभर हात लावू नका. ही चिकट लाखेइतकी लवकर नरमत नाही, तरी सुरी उकळत्या पाण्यात टाकून ठेवू नये.

आता आकार. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, पण हात दोघांचे दोन मापांचे असतात. बाजारची मूठ बहुधा पुरुषाच्या पंजाची असते. बाईला ती जाड पडते, दिवसभर जास्त आवळून धरावी लागते आणि संध्याकाळी मनगट दुखतं. घासायचं तर तिच्या हातात देऊन, बघत बघत घासा. मूठ अगदी गोलही नको. लंबगोल असली की अंधारातही धार कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळतं. घासताना तोंडाला रुमाल बांधा, शिसवीच्या भुश्शानं पुष्कळांना शिंका आणि खाज येते.

शेवटी जवसाचं तेल, पातळ हात, वाळू द्यायचा, मग दुसरा. खोबरेल नको, ते वाळत नाही. आणि जवसाच्या तेलाचे बोळे कोपऱ्यात गोळा करून टाकू नका. त्या ढिगात उष्णता साठून तो आपोआप पेट घेऊ शकतो. बोळे उघड्यावर पसरून वाळवा, मगच फेका.

नमस्कार.