उतरलेल्या तलावातली जाळी

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना अर्ध्यावर आलाय. भंडारा-गोंदियाकडचे तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, आटत आल्यात. पाणी मधल्या खोलगट भागापुरतं उरलंय आणि काठचा गाळ भेगाळलाय. या दिवसांत पाळीवरून खाली उतरा आणि त्या गाळातून एक चक्कर मारा. शिंपले दिसतील, शिंगाड्याचे वाळके वेल दिसतील. आणि बेशरमाच्या झुडपांना, जुन्या बुंध्यांना गुंडाळलेलं तंगुसाचं, म्हणजे बारीक नायलॉन दोऱ्याचं, जाळं दिसेल. कुठे हातभर तुकडा, कुठे वीस-पंचवीस हात लांब. खाली बसून नीट बघितलं तर त्यात माशांचे काटे, खेकड्यांच्या नांग्या, एखाद्या पाणकावळ्याची पिसं असतात.

हे सगळं कोणी पकडलं? कोणीच नाही. जाळं तुटलं, अडकलं, मालकानं नाद सोडला, पण जाळ्यानं मासे धरणं सोडलं नाही. उभं लावायचं तंगुसाचं जाळं पाण्यात दिसत नाही, तीच त्याची ताकद. मासा डोकं घालतो, मागे फिरायला जातो आणि दोरा कल्ल्यात रुततो. जाळं ओढायला कोणी येणार नसेल तर तो तिथेच मरतो. मेलेल्या माशाला खायला खेकडे, कासवं, पाणसाप येतात आणि तेही त्यातच गुंततात. मेलेल्यांच्या वजनानं जाळं तळाला बसतं. सगळं कुजून गेलं की हलकं होऊन पुन्हा थोडं वर उठतं आणि पुन्हा मासे धरतं.

एक कासव मी जवळून बघितलंय. आपल्या तलावांत सापडतं ते मऊ, गोलसर पाठीचं, पोटाखाली झडपा असलेलं. समोरच्या दोन्ही पायांना आणि मानेला दोरा बसला होता. मानेच्या वळीत तो इतका आत गेला होता की बाहेरून नुसती लाल रेघ दिसायची. हातानं तोडायला गेलो तर दोरा माझ्याच बोटात रुतला. शेवटी ब्लेड मागवलं आणि एकेक फास कापला. कासवाला कल्ले नसतात, श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं. हे काठाजवळ उथळ पाण्यात अडकलं होतं, मान कशीबशी वर काढता येत होती, म्हणून जगलं. खोल पाण्यात अडकलेलं बुडून मरतं, आणि ते कोणाला दिसतही नाही.

पूर्वीची जाळी सुताची, सणाची असायची. ती टिकावीत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवायचे, तरी काही हंगामांत कुजायचीच. हरवलेलं जाळं मातीत मिसळून जायचं. १९३५ मध्ये अमेरिकेत नायलॉनचा शोध लागला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरच्या मच्छीमारांनी सूत सोडून नायलॉन धरलं. हलकं, मजबूत, न कुजणारं, स्वस्त. ढिवराच्या, म्हणजे आपल्याकडच्या मच्छीमाराच्या, कष्टाच्या दृष्टीनं ही सोय मोठीच आहे, ती मी नाकारत नाही. पण जो गुण हातात असताना कामाचा, तोच हातातून सुटल्यावर जिवावर उठतो. नागपुरात दर संक्रांतीला नायलॉन मांजानं माणसांचे गळे चिरतात, पक्ष्यांचे पंख तुटतात. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये त्या मांजावर देशभर बंदी घातली. तसलाच दोरा आपल्या तलावाच्या तळाशी वर्षानुवर्षं पडून आहे आणि त्याची चर्चा नाही.

समुद्रात याचं रूप किती मोठं आहे, ते ऐका. पॅसिफिक महासागरात कॅलिफोर्निया आणि हवाई बेटांच्या मधल्या भागात तरंगत्या प्लास्टिकचा प्रचंड पट्टा साचलाय. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यातल्या प्लास्टिकचं वजन मोजलं, तर ४६ टक्के वजन नुसत्या मासेमारीच्या जाळ्यांचं निघालं. २०२२ मध्ये आणखी एक अभ्यास आला. सात देशांतल्या मच्छीमारांना विचारून अंदाज काढला, की कल्ल्यात अडकवणारी जाळीच दरवर्षी सुमारे तीन हजार चौरस किलोमीटर भरतील इतकी समुद्रात हरवतात. एवढी जाळी पसरली तर आपल्या भंडारा जिल्ह्याचा निम्म्याहून जास्त भाग झाकला जाईल. आणि ही एका वर्षाची. आपल्याच कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात जखमी समुद्री कासवं वाहून येतात. डहाणूच्या उपचार केंद्रात आणलेल्या कित्येक कासवांचे वल्ह्यासारखे पाय अशाच जाळ्यांनी कापले गेलेले असतात.

नद्याही सुटलेल्या नाहीत. २०१९ मध्ये गंगेच्या मुखापासून हिमालयापर्यंत काठाकाठानं पाहणी झाली. टाकलेली जाळी सगळीकडे सापडली, आणि त्यांचा धोका असलेल्या प्राण्यांमध्ये गंगेतला डॉल्फिन, कासवं आणि पाणमांजर आले. पाणमांजर आपल्याकडेही आहे, नवेगाव-नागझिऱ्याच्या पाण्यात. वैनगंगेचं पाणीही शेवटी समुद्रालाच जातं. पवनी, वडसा करत चपराळ्याला वर्धा मिळते, पुढे ती प्राणहिता होते, सिरोंच्याला गोदावरीत शिरते आणि बंगालच्या उपसागराला पोचते. २०२० च्या ऑगस्टअखेर आला तसा पूर आला, की पात्रात राहिलेलं जाळं कुठवर जाईल याचा नेम नसतो. पुष्कळसं वाटेतच झुडपांत, बुंध्यांत अडकतं. गोसीखुर्द धरणाच्या बुडितात तर पाण्याखाली झाडांची खुंटं उभीच आहेत.

ढिवर भावांनो, मायबहिणींनो, हे मी तुमच्यावर ठपका ठेवायला सांगत नाहीये. खुंटात अडकलेलं जाळं सोडवायला रात्री कोण बुडी मारणार? जाळं विकत घ्यायला पैसे लागतात, कोणी हौसेनं टाकत नाही. ते गुरांच्या पायांत येतं, चोरीला जातं, कापून टाकलं जातं. फाटलेलं जाळं काठावर आणलं तरी त्याचं करायचं काय? गाळ लागलेलं जाळं भंगारवाला सहसा घेत नाही. म्हणून ते पाळीवरच राहतं आणि पहिल्या पावसात परत तलावात जातं. नुकसान मात्र तुमचंच. मच्छीमार सोसायटी पैसे मोजून माशांचं बीज सोडते आणि त्यातलं किती या बिनमालकाच्या जाळ्यात जातं ते कोणी मोजत नाही. गावरान मरळ, झिंगे आधीच कमी झालेत.

आणि इथेच आपल्या हातात एक गोष्ट आहे, जी समुद्रावरच्या माणसाच्या हातात नाही. समुद्राच्या तळाचं जाळं काढायला पाणबुडे लागतात, जहाजं लागतात, लाखोंचा खर्च येतो. आपले तलाव दर उन्हाळ्यात उतरतात. कोहळी समाजानं बांधलेले मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून सुमारे सात हजार आहेत. त्यातले बहुतेक एप्रिल-मेमध्ये इतके उथळ होतात, की गुडघाभर पाण्यात उभं राहून, कोयत्यानं बेशरम तोडत जाळं मोकळं करता येतं. कुठल्याही यंत्राची गरज नाही. दोन सकाळी आणि दहा माणसं लागतात. रोजगार हमीतून गाळ काढायचं काम निघतच असतं, त्यालाच हे जोडता येईल. गाळाबरोबर जाळं शेतात गेलं तर नांगराच्या फाळाला गुंडाळतं, त्यामुळे ते आधी वेगळं काढलेलंच बरं.

काढलेलं जाळं जाळू नका. नायलॉनचा धूर छातीला वाईट असतो आणि वितळलेला गोळा तिथेच उरतो. भाजीच्या वाडीला कुंपण म्हणून लावायची पद्धत आहे, तीही सोडा. त्यात धामण, नाग, घुबड अडकतात. धामण तर तुमच्या धानाचे उंदीर खाते. पोत्यात भरून ग्रामपंचायतीच्या प्लास्टिक कचऱ्यात वेगळं ठेवा. पोती साठली की मोठ्या व्यापाऱ्याशी भाव करता येतो, एकट्याच्या फाटक्या जाळ्याला कोणी विचारत नाही. केरळात कोल्लमजवळच्या नींदकरा बंदरात २०१७ पासून मच्छीमार जाळ्यात आलेलं प्लास्टिक परत किनाऱ्याला आणतात, तिथे त्याचा भुगा करून रस्त्याच्या डांबरात घालतात. तिथे ते जमलं कारण सरकारची खाती आणि मच्छीमार संघटना एकत्र बसले.

जिवंत कासव किंवा पाखरू अडकलेलं दिसलं तर ओढू नका. दोरा अजून आत जातो. ब्लेडनं किंवा कात्रीनं एकेक फास कापा. जखम खोल असेल तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

आता एक मागणी, आणि ही तुम्ही सगळ्यांनी मिळून करायची आहे. कोकणात मच्छीमारानं संरक्षित समुद्री प्राणी सोडवण्यासाठी स्वतःचं जाळं कापलं, तर राज्य सरकार त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. डिसेंबर २०१८ पासून ही योजना सुरू आहे आणि तिच्यामुळे कितीतरी कासवं आणि व्हेल शार्क मासे सुटले. आपल्या तलावातलं झडपवालं कासवही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. मग ते वाचवायला जाळं कापणाऱ्या ढिवराला भरपाई का नको? येत्या ग्रामसभेत हा ठराव घ्या. सोसायटीच्या अध्यक्षांची आणि सरपंचांची सही घेऊन एक प्रत मत्स्यव्यवसाय विभागाला आणि एक वनविभागाला पाठवा. पोच मागून घ्या.

नमस्कार.