खिडकीजवळच्या बाटल्या

नमस्कार श्रोतेहो. जिवाणूंच्या डीएनएला इजा झाली की ते ती दुरुस्त कशी करतात, हा आजचा विषय. आणि तो अल्बर्ट केल्नर यांच्यापासूनच सुरू करायला हवा.

साल १९४८. अमेरिकेतली कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळा. ज्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळतं, त्याच्या बीजाणूंवर केल्नर अतिनील किरण सोडत होते. या माऱ्यानंतर वेगवेगळ्या तापमानाला किती बीजाणू सावरतात, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पण आकडे काही केल्या जुळेनात. तेच बीजाणू, तेवढेच किरण, तेच तापमान. तरी एका बाटलीत भरपूर जिवंत, दुसरीत जवळपास सगळे मेलेले.

असे आकडे खोडून टाकायचा मोह कुणालाही होईल. शाळेतल्या प्रयोगवहीत तर मुलांना सर्रास ‘बरोबर’ आकडा लिहायला लावतात. माझं ठाम मत आहे, न जुळणारा आकडा मुलांना तसाच लिहू द्या! असो.

केल्नर मात्र त्या आकड्यांच्या मागे लागले. अखेर त्यांचं लक्ष बाटल्या ज्यात ठेवल्या होत्या, त्या पाण्याच्या टाकीकडे गेलं. टाकी काचेची, बाटल्या पारदर्शक, आणि टेबल खिडकीजवळ. काही बाटल्यांवर उजेड जास्त पडत होता, काहींवर कमी. मग त्यांनी मुद्दाम काही बाटल्या उजेडात ठेवल्या, काही अंधारात. उजेडातले बीजाणू लाखो पटींनी जास्त वाचले. लाखो पटींनी, श्रोतेहो! अंधारातले सावरलेच नाहीत. अतिनील किरणांनी मारलं, साध्या उजेडानं तारलं.

कारण पुढे कळलं. अतिनील किरणांमुळे डीएनएच्या धाग्यातले शेजारचे दोन थायमिन, म्हणजे डीएनएची दोन अक्षरं, एकमेकांना चिकटतात. फोटोलायेझ नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, निळ्या उजेडाच्या ऊर्जेवर ती जोडी सोडवतं. उजेड हवाच, उजेडाशिवाय हे विकर काम करत नाही. माणसात ते नाही. ई. कोलायसारखे जिवाणू अंधारातही दुरुस्ती करतात: बिघडलेला बारा-तेरा अक्षरांचा तुकडा कापून काढतात आणि समोरच्या धाग्यावरून नवा भरतात. ही कापून भरण्याची रीत आपल्याकडेही आहे.

रसायनांची इजा वेगळी. ग्वानिन या डीएनएच्या दुसऱ्या अक्षरावर मिथाइल गट, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचा छोटा तुकडा, चिकटला, तर ॲडा हे प्रथिन तो स्वतःच्या अंगावर घेतं आणि त्या कामातून कायमचं बाद होतं. एका दुरुस्तीला एक अख्खं प्रथिन! डीएनएच्या कण्यावरचा, म्हणजे अक्षरांना जोडून ठेवणाऱ्या भागावरचा, मिथाइल गट अंगावर घेतला, की हेच ॲडा पेशीला आणखी ॲडा बनवायला लावतं. मारा सुरू असेतो ही भरती सुरू राहते.