फुकटचा तास

(सांगलीतील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पुढच्या दोन रांगांत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं बसलीत आणि मागे त्यांचे आईवडील. विषय आहे नव्या नोकरीतल्या बिनपैशाच्या जादा तासांचा. तो दोघांचाही आहे, पण मत एक असेलसं वाटत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष ९० तासांवर गेले, रविवारसुद्धा सोडला नाही. त्यावर इतके विनोद फिरले की मूळ प्रश्न त्यातच वाहून गेला. आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, आम्ही काय कमी झिजलो? दुसरा म्हणतो, पोरांना जगू द्या की. माझी सगळी नोकरी कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांची हजेरी आणि तास मोजण्यात गेली. त्यामुळे मी या वादात एकच विचारतो: जादा तासाचे पैसे कोण देतंय?

कारखान्यात ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, कशी मंजूर व्हायची ते सांगतो. फोरमन संध्याकाळी चारच्या सुमाराला कागद घेऊन यायचा. चार माणसं, तीन तास, अमुक मशीन. १९४८ च्या कारखाने कायद्याप्रमाणे आठवड्याचे तास ४८ आणि त्यावर दुप्पट दर. म्हणजे मॅनेजरच्या सहीला किंमत होती. सही करण्याआधी तो चष्मा कपाळावर सरकवायचा आणि विचारायचा, "हे दिवसा का नाही झालं?" मग फोरमनची त-त-प-प. कच्चा माल उशिरा आला, टूल तुटलं, ड्रॉइंग बदललं. पुढच्या आठवड्यात माल वेळेवर यायचा. कागद अर्धे व्हायचे. माणसं तीच, मशीन तीच, फक्त प्रश्न विचारणारा कोणीतरी होता, आणि तो विचारत होता कारण पैसे त्याच्या खात्यातून जाणार होते.

हिंजवडीतल्या एखाद्या आयटी कंपनीच्या मजल्यावर, किंवा पुण्या-मुंबईतल्या ऑडिटच्या ऑफिसात, हा प्रश्न कोणी विचारत नाही. नव्या पोराचा रात्री नऊचा तास फुकट आहे. जे फुकट मिळतं ते कोण जपून वापरतं? दुपारी दोनला व्हायची मीटिंग साडेसहाला होते. अमेरिकेचा क्लायंट साडेनऊला फोनवर येणार म्हणून पोरगं तोवर एक्सेलच्या तक्त्याचे रंग बदलत बसतं. साहेब बसलाय म्हणून टीम लीड बसतो, तो बसलाय म्हणून हे बसतं. याला कष्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता हिशोब करू, टाइम ऑफिसवाल्याला तेवढंच येतं. हातात २५ हजार पडतात असं धरा. आठवड्याला ४८ तास म्हणजे महिन्याचे साधारण २०८. तासाला १२० रुपये. तेच पोरगं आठवड्याला ७० तास बसलं तर महिन्याचे ३०३ तास होतात आणि तासाचा भाव ८२ वर येतो. वरचे ९५ तास दुप्पट दराने मोजले तर होतात जवळपास २३ हजार. दुसऱ्या एका पोराचा पगारच की! ते दुसरं पोरगं पदवी घेऊन इथं विश्रामबागेत घरी बसलंय, आणि त्याचं काम पहिल्याकडून रात्री फुकट करून घेतलं जातंय.

कायदा नाही का? आहे. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ सालचा. त्यात दिवसाला नऊ, आठवड्याला ४८ तास आणि जादा कामाला दुप्पट वेतन लिहिलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने नवाचे दहा करायला मंजुरी दिली. पण खरी पळवाट तासांत नाही, पदाच्या नावात आहे. व्यवस्थापकीय किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांना हा कायदा लागू होत नाही. मग बावीस वर्षांच्या पोराला कुठलं तरी भारदस्त पद चिकटवायचं. घरी आई पेढे वाटते. बिचारीला काय ठाऊक, त्या पदाबरोबर ओटी गेली!

इथल्या मार्केट यार्डात हळदीचं पोतं उचलणाऱ्या हमालाला पोत्यामागे हमाली मिळते. दहा पोती जास्त, तर दहांची हमाली जास्त. त्याच्यामागे १९६९ चा माथाडी कायदा आहे, आणि तो आयता मिळालेला नाही, संघटना करून भांडून घेतलाय. आपल्या बी.ई. झालेल्या मुलाला मात्र संघटना म्हटलं की कमीपणा वाटतो. हे मला कधी कळलेलं नाही. रविवारची सुट्टीसुद्धा नारायण मेघाजी लोखंडे आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८९० मध्ये मिळवली, मालकांनी प्रेमाने दिली नव्हती.

"पण सर, सुरुवातीला शिकायचं असतं." हे मागच्या रांगेतून येणार हे मला ठाऊक होतं. शिकायचं असतंच. पण १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा उघडा. अप्रेंटिसला जादा वेळ थांबवायचं असेल तर सरकारने नेमलेल्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची मंजुरी लागते, आणि ते काम प्रशिक्षणाच्या किंवा लोकांच्या हिताचं आहे हे त्याला पटावं लागतं. म्हणजे कुपवाड एमआयडीसीतल्या आयटीआयच्या पोराला संध्याकाळी थांबवण्याआधी कायदा विचारतो, याला यातून शिकायला काय मिळणार? इंजिनिअरबद्दल हे कोणी विचारत नाही. शिकवायला सोबत ज्येष्ठ माणूस बसला असेल तर दहावा तासही सोन्याचा. रात्री अकराला एकटं पोरगं तेच फॉर्म्युले तिसऱ्यांदा तपासत असेल तर शिकवतंय कोण?

डॉक्टरांचं उदाहरण नेहमी दिलं जातं. मिरज शेजारीच असल्याने आपण निवासी डॉक्टर जवळून पाहतो. पेशंट अर्ध्यात सोडता येत नाही, मान्य. म्हणून तर १९९२ मध्ये केंद्राने निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ४८ तासांचे निर्देश दिले होते. ते किती पाळले गेले हे पाहायचं तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाचा २०२४ चा अहवाल बघा. त्यात ७४ तासांच्या वर जाऊ नका, अशी शिफारस करावी लागली. जिथे थकलेल्या हाताने जीव जाऊ शकतो तिथली ही कथा.

तब्येतीबद्दल जास्त बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२१ चा अभ्यास सांगतो की ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. २०२४ मध्ये पुण्यात एक २६ वर्षांची सी.ए. मुलगी नोकरीला लागून चार महिन्यांनी वारली आणि तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल कंपनीला पत्र लिहिलं. ते आपण सगळ्यांनी वाचलंय.

(प्रश्नोत्तरांत एका पालकांनी विचारलं: "मुलगा नाही म्हणाला तर त्याच्या जागी शंभर उभे आहेत. त्याने करायचं काय?")

शंभर उभे आहेत, खरंय. म्हणूनच पहिल्या महिन्यात बाणेदारपणा दाखव असं मी कुठल्याच पोराला सांगणार नाही. ऑफर लेटर सही करण्याआधी पूर्ण वाचा. कामाचे तास, बाँडची रक्कम, नोटीस पिरियड. तासांचा रकाना कोरा असेल तर एचआरला ईमेलवर विचारा, फोनवर नको. रोज आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ स्वतःच्या वहीत लिहा, समोर काम काय केलं तेही. उद्या तक्रार करायची वेळ आली तर ऑफिसचा लॅपटॉप परत घेतलेला असेल, वही तुमच्याकडे असेल. आणि दादा, तुम्हाला एक विनंती. शुक्रवारी रात्रीच्या बसने पोरगं घरी येईल आणि शनिवारी दुपारी बारापर्यंत झोपेल. तेव्हा "आमच्या काळी" सुरू करू नका. उठल्यावर चहा द्या आणि आठवड्यात किती तास भरले ते विचारा, आकडाच विचारा.