एका भुंग्याचं बारसं

(पुण्यातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पहिला दणका बसला की संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर भुंगेरे घोंगावू लागतात. तुमच्यापैकी ज्यांची शेती उसाची आहे त्यांना मी काय सांगणार? ते हुमणीचे भुंगेरे. उसाची मुळं कुरतडणारी पांढरी अळी यांचीच. नारळाचा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगाही याच कुळातला आणि शेणाचा गोळा वळून ढकलत नेणारा शेणकिडाही. मिशीच्या टोकाला घडीच्या पंख्यासारख्या उघडमीट करणाऱ्या पातळ पाकळ्या दिसल्या की समजायचं, हे स्कॅरॅब कुळ. जगभरात या कुळातल्या 30,000 हून अधिक जातींना नावं मिळाली आहेत. आणि तरी नवी बारशी थांबलेली नाहीत, विशेषतः उष्ण प्रदेशातल्या सदाहरित रानांत.

टेरी अर्विन या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञानं पनामाच्या जंगलात एकाच जातीच्या 19 झाडांवर कीटकनाशकाचा धूर सोडला आणि खाली पडलेले किडे मोजले. नुसत्या भुंगेवर्गातल्याच 1,200 च्या आसपास जाती निघाल्या. त्यावरून त्यांनी 1982 साली मांडलं की उष्ण कटिबंधात कीटक आणि त्यांचे भाईबंद मिळून 3 कोटी जाती असाव्यात. हा आकडा पुढे बराच खाली आला. पण आपण किती थोडं ओळखतो, ही त्यांनी लावलेली रुखरुख अजून गेलेली नाही.

आता माझ्या भुंग्याकडे येते. आंबोलीच्या रानात, वनखात्याची परवानगी घेऊन आम्ही सापळे लावले होते. सापळा म्हणजे काय, तर प्लास्टिकचा पेला काठापर्यंत जमिनीत पुरायचा आणि वर जाळीच्या तुकड्यात शेणाचा गोळा टांगायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी एका पेल्यात 6 मिलिमीटरचा काळा भुंगा होता. डोक्यावर तांब्याची झाक आणि मधोमध एक आखूड, मागे वळलेलं शिंग. मी हरखून म्हणाले, "मामा, हा मी कधीच पाहिलेला नाही, नवा असावा." बरोबर आलेल्या गावच्या मामांनी वाकून पाहिलं. "ह्यो कसलो नवो? गव्याच्या शेणात दर पावसात गावता."

मामांचं ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. भुंगा नवा नसतोच. तो आपल्या आधीपासून तिथे शेण पुरत आलेला असतो. नवं असतं ते आपलं टिपण. म्हणून ते लिहिण्याआधी पहिला प्रश्न हाच असतो, की याचं टिपण आधी कुणी केलंय का?

या कामात वर्षं जातात. हा भुंगा ऑन्थोफॅगस प्रजातीचा, म्हणजे एकमेकींच्या जवळच्या जातींच्या एका गटातला. प्राणिसृष्टीतल्या सर्वांत मोठ्या प्रजातींपैकी ही एक, 2,000 हून अधिक जातींची. भारतातल्या जातींसाठी आजही पहिल्यांदा ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ गिल्बर्ट ॲरो यांचा 1931 चा खंड उघडावा लागतो. मग त्याच्याही मागे जायचं. अठराव्या शतकात फॅब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञांनी भारतातल्या कितीतरी कीटकांना नावं दिली, कारण तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला डॅनिश वसाहत होती आणि तिथून नमुने युरोपात जात. ते नमुने आज कोपनहेगनला आहेत. सह्याद्रीतल्या शेणात काय राहतं हे ठरवायला डेन्मार्कमधली पेटी तपासावी लागते! मला याची चीड येत नाही. ते नमुने जपले गेले, याचं समाधान जास्त वाटतं.

इथे माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी शिंग नसलेला एक नर मी नवी जात धरून चालले होते. मसुदासुद्धा तयार होता. या प्रजातीत गंमत अशी की कितीतरी जातींत नर दोन प्रकारचे असतात. आईनं बिळात साठवलेलं शेण अळीला भरपूर मिळालं तर नर मोठा होतो आणि त्याला शिंग येतं. कमी मिळालं तर तो बोडकाच राहतो. शिंगवाला बिळाच्या तोंडाशी मादीची राखण करतो आणि बोडका बाजूनं दुसरं बीळ खणून आत शिरतो. एकाच जातीचे दोन भाऊ, पण शेजारी ठेवले तर नातं ओळखू येत नाही.

मला वाचवलं ते जननेंद्रियानं. वाळलेला भुंगा कोमट पाण्यात मऊ करायचा, पोटाच्या टोकातून बारीक चिमट्यानं नराचा तो कडक अवयव ओढून काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं चित्र काढायचं. त्याच्या टोकाशी दोन फाळ असतात. त्यांचा आकार जातीजातीत बदलतो, पण एका जातीत सहसा स्थिर राहतो. माझ्या बोडक्याचे फाळ शेजारच्या पेटीतल्या एका जुन्या, शिंगवाल्या जातीशी तंतोतंत जुळले. मसुदा बाजूला ठेवला. आंबोलीच्या भुंग्याचे फाळ मात्र कुणाशीच जुळत नाहीत. मी सात नर तपासलेत.

मग लिहायला बसायचं. डोक्याची कड कशी, पाठीवरचे ठिपके किती दाट, पंखकवचावर रेघा किती, पुढच्या पायाला दात किती. कोरडं वाटतं ना? पण शंभर वर्षांनी एखादी मुलगी हे वाचून ठरवेल की बाई चुकल्या होत्या. तिला ते ठरवता यावं, इतकं नेमकं लिहायचं असतं.

सगळ्या नमुन्यांतला एकच नमुना त्या नावाचा कायमचा आधार होतो. त्याला होलोटाइप म्हणतात. 1999 नंतर छापलेल्या नव्या जातीसाठी तो जाहीर करणं आंतरराष्ट्रीय नियमांनी सक्तीचं आहे. आपल्या 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीचे नमुने नेमून दिलेल्या संस्थेत जमा करावे लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही त्यांतली एक, आणि तिचं पश्चिम विभागीय केंद्र इथेच, आकुर्डीला आहे. 2018 च्या सप्टेंबरमध्ये रिओचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं आणि तिथला बहुतेक कीटकसंग्रह गेला. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. ऑस्ट्रेलियातल्या देशी शेणकिड्यांना कांगारूच्या कोरड्या लेंड्यांची सवय. गाईचं ओलं शेण त्यांना पेलेना, कुरणं शेणानं झाकली आणि माश्या माजल्या. म्हणून आफ्रिकेतून शेणकिडे नेले. 1968 साली सोडलेला गझेला नावाचा भुंगा तिथे छान रुजला. पण 2017 मध्ये त्याच्या गोतावळ्याचा नव्यानं अभ्यास झाला, तेव्हा आफ्रिकेत गझेला म्हणून एकत्र धरलेल्यांत अनेक जाती निघाल्या. प्रत्येकीचं हवामान वेगळं असू शकतं. मग कुठली जात कुठल्या कुरणात टिकेल, हे नाव चुकल्यावर सांगणार कसं?

आणि नाव? ते आज सांगणार नाही. व्यासपीठावर उच्चारलेलं नाव नियमात बसत नाही, ते रीतसर प्रसिद्धच व्हावं लागतं. एकदा प्रसिद्ध झालं की नुसतं आवडलं नाही म्हणून बदलता येत नाही. स्लोव्हेनियातल्या गुहेतल्या एका आंधळ्या भुंग्याला 1937 साली हिटलरचं नाव दिलं गेलं, ते आजही तसंच आहे. मी मामांना म्हटलं होतं, तुमचं नाव देऊ का? ते नको म्हणाले. सापळा लावला त्या ओहोळाचं नाव त्यांनी सुचवलं. तो ओहोळ मला कुठल्याही नकाशावर सापडला नाही.

टेबलावर पेटी ठेवली आहे, डांबराच्या गोळीचा वास येईल. इतक्या लहान भुंग्याला टाचणी टोचत नाहीत, कागदाच्या त्रिकोणाच्या टोकाला डिंकानं चिकटवतात. भिंग शेजारीच आहे. लाल चिठ्ठी लावलेला तो होलोटाइप. मुलांना आधी येऊ द्या, आणि काच उघडू नका.